विकलेल्या घोडीचं पान

घोडेवाला माणूस दोन गोष्टी कधी खऱ्या सांगत नाही, घोड्याचं वय आणि स्वतःला मिळालेला भाव. मी घोडेवाला नाही. मी घोड्यांच्या अंगावरचं सामान विकतो, लगाम, मोरक्या, जीन, घुंगरांचे पट्टे. त्यामुळे माझ्या बोलण्यावर निम्मा विश्वास ठेवायला हरकत नाही. सारंगखेड्याच्या रस्त्याला माझं दुकान आहे. नाव सुपडू. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं मला सुपात घालून हे नाव ठेवलं, आणि मी असा टिकलो की आता घरच्यांना कंटाळा यायला लागलाय.

लिहायला बसलो ते छगनभाई चौधरींच्या सुनेबद्दल, रोशनीबद्दल. मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. आमच्याकडे घोड्याचंसुद्धा तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. पण या पोरीबद्दल गप्प राहवत नाही. लागली दृष्ट तर मीठमोहऱ्या मीच ओवाळीन.

छगनभाई तापीकाठचे गुजर. केळी, ऊस, कापूस सगळं आहे, पण पंचक्रोशीत नाव निघतं ते घोड्यांमुळे. वडिलांच्या काळापासून तबेला. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे छगनभाईंची घोडी कुठे बांधलीय असं विचारत लोक यायचे. मागे केळीच्या बागेत पाय घसरून ते पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. काठीवाला माणूस यात्रेच्या गर्दीत घोड्यांजवळ दिवसभर उभा राहू शकत नाही. एकुलता मुलगा गोपाल सुरतेला कापडाच्या पेढीवर. लहानपणी त्याच्या दंडाला एका शिंगरानं चावा घेतला होता, तेव्हापासून घोडा दिसला की त्याला घाम फुटतो. मग छगनभाईंनी ठरवून टाकलं. येणारी यात्रा बघायची. तोवर चांगली गिऱ्हाइकं आपणहून दारी आली तर ठीक, नाहीतर यात्रा उठल्यावर तबेला मोडायचा. एक दलाल सगळी जनावरं एकगठ्ठा न्यायला टपूनच होता. तो ती कुठे नेतो, कुणाला देतो, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर तो सांगत नाही.

रोशनीला तबेला मोडू द्यायचा नव्हता. तिचं माहेर शहाद्याकडचं, तिथे बैलांपलीकडे जनावर नाही. नवी नवरी होती तेव्हा घोड्यांच्या बाजूनं जाताना ती पदर घट्ट धरून भिंतीला चिकटून जायची. मग एक दिवस रंगी नावाच्या घोडीनं तिच्या हातातला गुळाचा खडा न विचारता खाल्ला, आणि तिथून दोघींचं जमलं. छगनभाई पडल्यावर खरारा करणं, चंदीचा दाणा भिजवणं, पाणी, लीद काढणं, सगळं तिच्याकडेच आलं. तिनं एकदा धीर करून सासऱ्यांना म्हटलंही, “बाबा, तबेला मी चालाडस.”

छगनभाई काही वाईट माणूस नाही. पण ते म्हणाले, “बेटा, चारा टाकनं येगळं, तबेला चालाडनं येगळं. घोडासना बजारमा बाई उभी ऱ्हास का?”

सासू मीनाबाई चुलीजवळून पुटपुटल्या, “त्यासनं डोकं दगडनं शे. तू तुन्हं काम कर.” रोशनीनं दोघांचंही ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली.

तापीकाठच्या आम्हा लोकांचं एक अश्वपालक मंडळ आहे आणि मंडळाची वेबसाइट आहे. ही दुसरी गोष्ट मंडळातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हती. महामारीच्या साली यात्रा भरली नाही, तेव्हा घाबरून आम्ही ओळखीतल्या एका माणसाकडून ती करून घेतली होती. ज्यानं त्यानं आपल्या मोबाइलवरून आत शिरायचं, आपल्या घोड्याचं पान तयार करायचं, फोटो चढवायचे, मजकूर लिहायचा, अशी सोय. मी चिटणीस असल्यामुळे सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. रोशनीनं लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि शहाद्यातल्या एका दुकानदाराची साइट सांभाळली होती. ती म्हणाली, “काका, माले लॉगिन द्या. गिऱ्हाईक आपनले सोधस, पन आपन त्याले सापडतच नही.”

मी म्हटलं, घे बाई. तिनं माझ्यासमोरच गूगलवर सारंगखेडा, घोडी, विक्री असं टाकलं. लोकांचे व्हिडिओ आले, जुन्या बातम्या आल्या, लॉजचे पत्ते आले. पान उलटत ती खाली खाली गेली. आमचं नाव कुठेच नाही.

मग ती साइटच्या आतल्या बाजूला शिरली आणि थोड्या वेळानं कपाळाला हात लावून हसायला लागली. साइट बांधत असताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून एका चौकटीत खूण करतात, की गूगलनं इकडे फिरकू नये. काम संपलं की ती खूण काढायची असते. ती कुणी काढलीच नव्हती. “काका, इतला वरीस आपन तोंडले पोतं बांधीसन घोडी उभी करेल व्हती,” ती म्हणाली. तिनं खूण काढली. मला वाटलं, आता संध्याकाळपासून फोन सुरू होतील. मी दुकानासमोर झाडूनही घेतलं.

फोन आले, पण ते यायला काही आठवडे गेले, आणि जे आले ते भलतेच. कुणी दत्ताच्या आरतीची वेळ विचारे, कुणी देवळात मुक्कामाची सोय आहे का म्हणून. मंडळातले फुलसिंगदादा मोठे घोडेवाले, मिशीला तूप लावणारे. त्यांना एका बाईंनी फोन करून विचारलं की अभिषेकाची पावती कुठे फाडतात. दादांना वाटलं घोडीचं गिऱ्हाईक लाजतंय. त्यांनी बाईंना चहाला बोलावलं.

याचं मूळ रोशनीनंच शोधलं. प्रत्येक पानाला शीर्षकाची एक चौकट असते आणि गूगल सर्वांत आधी ती वाचतं. तिथे घोडीचा रंग, जात, गाव असं काही हवं. आमच्या लोकांनी मात्र कोरी चौकट दिसल्याबरोबर लग्नपत्रिकेच्या माथ्यावर लिहितात तेच लिहिलं होतं, श्री एकमुखी दत्त प्रसन्न. एकूण एक पानावर. घोडी, घोडा, शिंगरू, फुलसिंगदादांचा जुना टांगा, सगळे दत्त प्रसन्न. गूगलनं बिचाऱ्यानं भाविक लोक पाठवले, त्याचं काय चुकलं?

आता शीर्षक बदलायचं म्हणजे देवाचं नाव पुसायचं. कोण पुसणार? माझ्या दुकानाच्या ओट्यावर मंडळ जमलं आणि वाद पेटला. तळाला नेऊन लिहू असं मी सुचवलं, तर फुलसिंगदादा माझ्यावरच धावले, देवाला पायाशी टाकतोस म्हणून. रोशनी खांबाच्या आड बसून ऐकत होती. ती म्हणाली, घरावर नावाची पाटी असते आणि देव देव्हाऱ्यात असतो. पाटीवर आपलं नाव लिहिलं म्हणून देव रागावत नाही. तिनं शीर्षकाच्या चौकटीत घोडीचं वर्णन घातलं आणि आत पान उघडल्याबरोबर सर्वांत वर, फोटोच्याही वर, दत्ताचं नाव ठेवलं. बदलण्याआधी ती प्रत्येकाच्या घरी जाऊन मोबाइलवर दाखवून आली. मला हे तिचं फार आवडलं. दुसरं कुणी असतं तर एका दुपारीत सगळं बदलून मोकळं झालं असतं आणि मंडळ फुटलं असतं.

मग फोटो. आमच्या लोकांना फोटोत घोडा कमी आणि पाहुणे जास्त लागतात. मागे केळीचा घड, पुढे नातू, मधे हार घातलेला घोडा. शिवाय फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले, एवढे जड की नदीकाठी रेंज नसताना पान उघडेपर्यंत माणूस जेवून यावा. तिनं ते हलके केले, कापले, आणि प्रत्येक फोटोच्या मागे शब्दांत लिहिलं की यात काय दिसतंय, कारण गूगलला घोडी चित्र बघून कळते त्यापेक्षा वाचून जास्त कळते. मजकुराचं तर विचारू नका. सगळ्या पानांवर एकच वाक्य, ‘एक नंबर घोडी, संपर्क करा.’ रोशनी ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेली. फोनवर गिऱ्हाईक काय काय विचारतं, ते तिनं घोडेवाल्यांकडूनच काढून घेतलं. दात किती, अंगावर केसांचा भोवरा कुठे, चाल कशी, मुलांना बसू देते का, लाथ मारते का. आणि तीच उत्तरं पानावर लिहिली. खोडीसुद्धा. एकाच्या घोडीबद्दल तिनं लिहिलं की ट्रकचा हॉर्न ऐकून बुजते. तो भांडायला आला. ती म्हणाली, “भाऊ, तो घोडी घरी लई जाई, मंग त्याले कळावच शे. आदीच सांगं त भरोसा बसस.” तो चरफडत गेला. पण त्यानं ते वाक्य काढायला लावलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. खरी आडकाठी आली ती विकलेल्या घोड्यांची.

आमच्याकडे यात्रा उठली की मांडवाचा एक बांबूही मागे ठेवत नाहीत. जागा साफ. त्याच सवयीनं आमचे लोक यात्रा संपली की साइटवर जात आणि विकल्या गेलेल्या घोड्यांची पानं काढून टाकत. पुढच्या वर्षी नवे घोडे, नवी पानं. रोशनी म्हणाली की यानंच आपण मार खातोय. कुणी मित्राला पानाची लिंक पाठवलेली असते, कुणी घोड्यांच्या ग्रुपवर टाकलेली असते. तिथून माणूस येतो, दार बंद. आता गूगलही येईल, तर दार बंद. दोनचारदा असं झालं की ते यायचं सोडतं. वर्षभर कमावलेली ओळख आपण दर यात्रेला स्वतःच्या हातानं पुसतो. तेव्हा विकलेल्या घोड्यांची पानं काढायची नाहीत, आणि काढलेली परत आणायची.

झालं. ओट्यावर पुन्हा मंडळ. फुलसिंगदादा म्हणाले, “जे घोडं घरमा नही त्याना फोटू कसाले? गिऱ्हाईक फोन करी, शिव्या देई.” (मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.) दुसरा म्हणाला, ज्यानं घेतलं त्याच्या घोड्याला आपल्या पाटीवर ठेवणं म्हणजे परक्याची लेक मिरवणं. छगनभाई काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मला वाटलं, संपलं.

रोशनीनं सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग तिनं फुलसिंगदादांना विचारलं, “दादा, घोडं इकं की दावं कोनाकडे ऱ्हास?”

हे काय विचारायचं? जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची, आपली दोरी आपण सोडून घरात आणायची. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादा म्हणाले, “दावं आपलं. त्यामा काय इचारनं?”

“मंग पान म्हंजे दावं शे,” रोशनी म्हणाली. “घोडी जाऊ द्या. पान आपलं शे, ते ऱ्हाऊ द्या. वर लिखा, इकाई गयी. खाले लिखा, हाई तिनी बहीन, हाई तिनं शिंगरू, आमनाकडे शे.”

दादांनी मिशीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि चहा सांगितला. आमच्याकडे ठराव असाच मंजूर होतो. मला त्या क्षणी त्या पोरीचा एवढा अभिमान वाटला की चहाचे पैसे मी दिले, आणि हे मंडळाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं आहे.

काढलेली पानं साइटच्या कचरापेटीत तशीच पडली होती, ती कुणी रिकामी केली नव्हती. रोशनीनं एकेक उचलून जाग्यावर ठेवलं. त्यात केसरचं पान निघालं. केसर म्हणजे छगनभाईंची सर्वांत लाडकी घोडी, रंगीची मोठी बहीण. ज्या वर्षी यात्रा भरली नाही त्या वर्षी एका अनोळखी व्यापाऱ्याला विकावी लागली. त्यानंतर त्यांच्या ओट्यावर केसरचं नाव कुणी काढत नसे. त्यांचा नियमच तो, गेलेल्या जनावराची चौकशी करायची नाही. जीव तुटतो.

मी त्या दिवशी छगनभाईंच्या ओट्यावरच होतो. पानावर एक फोटो आणि तेच ‘एक नंबर घोडी’. रोशनीनं विचारलं, “बाबा, केसरना रंग काय लिखू?” छगनभाईंनी तोंड फिरवलं. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी उपरणं झटकलं. मग ती मोबाइलकडे बघत सहज म्हणाली, “बरं, तांबडी लिखस.”

“तांबडी?” छगनभाईंची काठी जमिनीवर आपटली. “कुमैत व्हती ती! कुमैत! तांबडी गाय ऱ्हास!”

आणि मग बांध फुटला. अंग खजुरी, आयाळ-शेपूट काळी, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे. कपाळावर लांबट चांद. गळ्याखाली देवमणीचा शुभ भोवरा. डाव्या कानाचं टोक जरासं मुडपलेलं, जन्मतःच. गडगडाटाला बुजायची, पण नदीच्या पाण्यात सगळ्यांच्या आधी उतरायची. चाल अशी की स्वाराच्या हातातला चहा सांडायचा नाही. ते बोलत होते आणि रोशनी भरभर टाइप करत होती. मीनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोलता बोलता छगनभाई थांबले, उपरण्यानं डोळे पुसले आणि आम्हा सगळ्यांवर खेकसले की बसलात काय, कामं नाहीत का. रोशनीनं पानाच्या वर ‘विकली गेली’ असं लिहिलं, खाली रंगीचं पान जोडलं, आणि रंगीच्या पानाला तिच्या वर्षभराच्या शिंगरीचं, पिंगीचं. आई, मावशी, लेक, सगळ्या एकमेकींच्या हाताला धरून.

त्यानंतर काही झालं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. गूगलची चाल बैलगाडीची, ती घाई करत नाही, असं रोशनी मला समजावायची, पण तिचंच तोंड उतरलेलं असे. छगनभाई चिडवायचे, “काय बेटा, तुन्हं गूगल कव्हय येवाव शे? चंदी भिजाडी ठेवू का?” ती हसून घ्यायची आणि खरारा करायला लागायची. गोपाल सुट्टीला आला की लांबूनच तबेल्याकडे बघून म्हणायचा, तुला जमत असेल तर ठेव, फक्त मला आत बोलावू नकोस. बाकी कुणी तिला जमेल म्हणत नव्हतं. ती मात्र रोज काहीतरी करतच होती. एखाद्या पानावर नवा प्रश्न आणि त्याचं उत्तर, एखादा फोटो बदललेला, एखादी तुटलेली लिंक जोडलेली. असल्या कामाला चिकाटी लागते आणि ती दिसत नाही. पोळी गोल झालेली दिसते, पण या कामाचं काय दिसणार? माझ्यासारख्या माणसाला तर ती मोबाइलशी खेळतेय असंच वाटलं असतं.

दिवाळीनंतर फोन यायला लागले. फुलसिंगदादांचा घोडा एका फोनवर ठरला आणि दादा मिशीत हसत गावभर सांगत सुटले. पण छगनभाईंच्या दारी कुणी आलं नाही. यात्रा भरली, गाजली, उतरणीला लागली. दलाल येऊन जनावरं बघून गेला, दात बघितले, पाय उचलून बघितले, आणि यात्रा उठल्यावर गाडी घेऊन येतो म्हणाला. छगनभाईंनी मान हलवली. मीनाबाई आत जाऊन रडल्या. रोशनी रडली नाही, ती रंगीच्या मानेवर कपाळ टेकून उभी राहिली. मला भयंकर राग आला, कुणाचा ते मात्र कळेना.

दलाल यायच्या आदल्या सकाळी मी पिंगीसाठी मोरकी घेऊन त्यांच्या मळ्यात गेलो होतो. माझ्याकडून आठवण म्हणून. तेवढ्यात एक जीप आत आली. साधी टोपी घातलेला, पन्नाशीचा एक माणूस उतरला आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाला, “केसर घोडी तुमचीच का?”

छगनभाई खाटेवरून उठायला लागले. काठी सापडेना.

पाहुणे राहुरीकडचे. त्यांच्याकडे एक घोडी होती, कितव्या तरी हातानं आलेली. तिचं नाव, गाव, घराणं कुणालाच माहीत नव्हतं. घोडी गुणाची, म्हणून तिची आई-बहीण कुठली हे त्यांना हवं होतं. ते मोबाइलवर खुणा टाकून शोधत राहायचे. चार पाय पांढरे, गळ्याखाली भोवरा, डाव्या कानाचं टोक मुडपलेलं. काहीच मिळत नसे. आणि मग अलीकडे एक पान आलं, वर लिहिलेलं, विकली गेली. “कान बघितला आणि बायकोला हाक मारली,” ते म्हणाले. “म्हटलं, अगं, हिचं माहेर सापडलं.”

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून छगनभाईंच्या हातात दिला. कांद्याच्या शेताच्या कडेनं केसर चालत होती, मागे तिचं शिंगरू. छगनभाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. संपला की पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “जाड व्हई गयी,” आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले. मीही रडलो. माझं वय झालंय, मला कुणाची भीती नाही.

पाहुण्यांना पिंगी हवी होती. त्यांनी तिला चालवून बघितलं, दात बघितले, भोवरा बघितला. मग म्हणाले, “रंगीचं पुढचं शिंगरूही मलाच सांगा. तबेला चालूच राहणार ना तुमचा?” मीनाबाई पदराशी चाळा करायला लागल्या.

आता भावाची वेळ. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातांवर एक फडकं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून सौदा होतो. बाजूला उभा असलेल्याला काही कळत नाही. पाहुण्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि छगनभाईंच्या हातावर टाकला.

छगनभाईंनी हात मागे घेतला. “भाव बहूले इचारा,” ते म्हणाले.

पाहुणे वळले आणि पंचा हातात धरून तसेच थांबले. परक्या घरच्या सुनेचा हात फडक्याखाली कसा धरणार? मलाही सुचेना. रोशनीच्या हातात खरारा होता, डोक्यावर पदर होता. तिनं एकदा सासऱ्यांकडे बघितलं. मग पिंगीच्या पाठीवर हात ठेवून तिनं भाव सांगितला. मोठ्यानं, स्वच्छ, ओट्यावरच्या मीनाबाईंना आणि पलीकडे पाणी भरणाऱ्या सालदारालाही ऐकू जाईल असा. घोडीचा भाव उघड्यावर बोललेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि भाव चोख होता. मी असतो तर घाबरून कमी सांगितला असता.

पाहुण्यांनी सवयीनं छगनभाईंकडे तोंड केलं, घासाघीस करायला.

छगनभाईंना एव्हाना काठी सापडली होती. ती टेकत ते खाटेवर बसले आणि म्हणाले, “मन्हाकडे काय देखतस, भाऊ? घोड्या तिन्या शेतस.”